डावीकडचं बिस्किट

बेकरीत सगळे तिला ताई म्हणतात. वयानं कितीतरी मोठे असलेले भट्टीवाले काकासुद्धा. ती काउंटरवर पाव-बिस्किटं बांधून देते, आणि गिऱ्हाईक नसलं की खोक्यांमागे ठेवलेलं सामाजिक मानसशास्त्राचं पुस्तक काढते. घरबसल्या पदवी. वर्गात जायचं नाही एवढंच, बाकी डोकेफोड तेवढीच.

पहिलं कॉलेज सुटलं ते वडिलांच्या आजारपणात. आता शेवटचं वर्ष, राहिला होता फक्त प्रकल्प. तो नापास झाला की पुन्हा अख्खं वर्ष. तिनं घरी सांगूनच टाकलं होतं, "यंदा नाही झालं तर पुस्तकं रद्दीत. माझ्यात दम उरला नाही आता."

प्रयोग साधा होता. एकाच ट्रेमधली बिस्किटं दोन बशांत ठेवायची. तिघांनी चाखून ठासून सांगायचं, डावीकडचं जास्त गोड. मग चौथा आपल्या जिभेचं ऐकतो की चारचौघांचं, ते बघायचं. त्या तिघांतले एक काका. त्यांना तिनं एवढंच सांगितलं, "तुम्ही डावीकडचं गोड म्हणायचं. का ते विचारू नका."

जो आला तो डावीकडचंच म्हणाला. ताई हवेत! मग झाडूवाली मावशी आली. खुर्चीत बसली आणि बिस्किट हातात असतानाच म्हणाली, "डावीकडचं. फारच गोड आहे बाई."

"मावशी, आधी खा तरी!"

"खाते की. उत्तर बरोबर आहे ना पण? काका म्हणाले, ताईची परीक्षा आहे, सगळ्यांनी डावीकडचंच म्हणायचं."

ताईनं बशा तिथंच सोडल्या. ती तडक भट्टीपाशी गेली.

"काका, सगळ्यांना सांगितलंत?"

"मग? तुला नापास होऊ देऊ होय? एकेकाला दम देऊन ठेवलाय."

आता या माणसावर चिडायचं तरी कसं?

घरी धाकटा भाऊ म्हणाला, "दे ना आकडे ठोकून. कोण येतंय बिस्किटं तपासायला?"

"गप बस. एवढी वर्षं घासली ती खोटं लिहायला?"

तिनं बाहेर जिन्यात येऊन प्रकल्पाच्या मार्गदर्शक बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, मावशीसकट. ताईनं मनातल्या मनात पुस्तकं रद्दीवाल्याच्या तराजूत ठेवूनही टाकली. तेवढ्यात बाई खो खो हसायला लागल्या.

"अहो, प्रयोग करणाऱ्याला खूश करायला माणसं हवं ते उत्तर देतात, हे तुमच्या पुस्तकातच आहे. वाचलं नाहीत?"

"वाचलंय मॅडम. पण आमच्या बेकरीत होईल असं नाही वाटलं."

"मग झालं तसंच लिहा. फसलेला प्रयोग चालेल मला. खोटा नाही चालणार."

फोन ठेवून ताई तिथंच पायरीवर बसली. रडली थोडी, मग मावशी आठवून एकटीच हसत सुटली.

निकाल लागला त्या दिवशी ती धावतच भट्टीपाशी गेली. "काका, सुटले! पास!"

"होणारच. मी होतो ना." काका ट्रे बाहेर ओढत म्हणाले. "पण काय ग, डावीकडच्यात साखर किती जास्त घातली होतीस?"

"काही नाही हो. दोन्ही एकाच ट्रेमधली."

"छे! शक्यच नाही." काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मी खाल्लंय ना. डावीकडचंच गोड होतं."