इंदूबाईने विचारलं, जेवले का

गल्लीत बोलवा होती की इंदूबाईने विरोधी पक्षाचे पैसे खाल्ले आणि पढवलेलं वाक्य मोबाईलसमोर घडाघडा म्हणून टाकलं. साफ खोटं. इंदूबाईला पढवणारा अजून जन्मायचा आहे, आणि खाल्लं म्हणाल तर त्या दिवशी सकाळपासून चहाशिवाय तिच्या पोटात काही नव्हतं.

झालं होतं इतकंच. सरकार डळमळलं, आपले आमदार बाकीच्यांसोबत परराज्यातल्या हॉटेलात जाऊन बसले, आणि इकडे नळ कोरडे. धरमपेठेतल्या दोन घरच्या पोळ्या लाटून आलेल्या इंदूबाईने मोबाईल तोंडासमोर धरला. "साहेब, जेवले का? आमच्या गल्लीत पाणी नाही येऊन राहिलं." आणि ठेवलं स्टेटसला. आपल्याकडे भांडायला आलेल्या माणसालाही आधी जेवले का विचारतात, भांडण मग.

पण महाराष्ट्राला तो टोमणा वाटला. कोणी त्याला ढोल जोडला, कोणी पक्षाचं चिन्ह चिकटवलं, कोणी तिला रणरागिणी करून टाकलं. पोळ्या लाटताना मालकीणबाई सेल्फी घ्यायच्या. तिचा आवाज काढणारे गल्लोगल्ली झाले, हे लिहिणारी त्यात पहिली. पाण्याचं कोणी नावही काढलं नाही. इंदूबाईने स्टेटस कधीच काढून टाकलं होतं, पण ती दिसली की पोरं ओरडायचीच. ती मान खाली घालून घरी यायची, पाय पसरून भिंतीला टेकायची.

मग एक दिवस तिचा अंकित कळमेश्वरच्या कारखान्यातून भरदुपारीच परत आला. ठेकेदार आमदारांचा माणूस. आईच्या माफीचा व्हिडिओ आल्याशिवाय गेटमध्ये पाय ठेवायचा नाही, असं त्याने बजावलं होतं.

हे लिहिणारी तिथेच बसली होती. मावशी माफी मागूच शकत नाही, सगळा जिल्हा तिच्या मागे आहे, असं तिने ठासून सांगितलं. वर तर्री-पोह्याची पैज लावली.

इंदूबाई भिंतीचा टेका सोडून सरळ बसली.

"मागं हाये ना वं. पण गेटवर माहा अंकित एकटाच उभा राहते."

तिने तोंड पुसलं, पदर नीट केला आणि एका दमात बोलून टाकलं. "साहेब, जेवले का म्हणून विचारलं, चुकलं माह्यं." अंकितने ते तिथल्या तिथे ठेकेदाराला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, उद्यापासून ये.

इंदूबाई पुन्हा भिंतीला टेकली.

"तर्री जास्त सांगजो वं. अन् बांधून आणजो, मले नाही चालवत आता."