अर्डिथ आणि बगळ्यांचा लिलाव

आमच्या वॉकर्स बेंड गावात सकाळी आधी अर्डिथ वोंद्राचेकचा आवाज यायचा आणि मग तिची पिवळी शाळेची बस. गावाबाहेरच्या मक्याच्या शेतांमधून ती पोरं गोळा करत यायची. एखादं घर अजून झोपलेलं दिसलं तर हॉर्न वाजवायची नाही. खिडकीची काच खाली करून आतल्या आईला नावाने हाक मारायची. त्या आयाही कधीकाळी तिच्याच बसमधून शाळेत गेलेल्या, त्यामुळे निमूट धावत बाहेर यायच्या. मी तिच्या कुंपणापलीकडे राहतो. आमच्या घरात गजराचं घड्याळ कधी लागलंच नाही.

उन्हाळ्यात शाळा बंद झाली की हाच आवाज बेसबॉलच्या मैदानावर लागायचा. आमच्या गावाची टीम म्हणजे हेरन्स, बगळे. मोठ्या शहरांच्या टीमांपुढे आम्हाला कोण विचारतो? लहान गावांच्या लीगमधली पगारी टीम ती, आणि पगार असा की खेळाडू गावातल्या घरांमध्ये पाहुणे म्हणून राहायचे. पण आमच्या आजोबांच्या वेळेपासून उन्हाळा म्हणजे बगळे. अर्डिथ तिसऱ्या बेसच्या मागे, कुंपणाला टेकून बसायची आणि अंपायरची खरडपट्टी काढायची. शिवी एकही द्यायची नाही. "अरे, तुझ्या आईला ठाऊक आहे का तू पोटासाठी काय करतोस ते?" असं मोठ्या काळजीने विचारायची. एका अंपायरने एकदा खेळ थांबवून तिला सांगितलं होतं, की आईची तब्येत छान आहे आणि विचारपूस केल्याबद्दल तिने आभार मानलेत.

पहिल्या बेसच्या मागे, बरोबर समोरच्या बाजूला, लॉइड वोंद्राचेक बसायचा. हा तिचा आधीचा नवरा. ट्रॅक्टरचं दुकान चालवायचा, पंचक्रोशीतला निम्मा मका त्याच्याच यंत्रांनी कापला जायचा. दोघांचं जमलं ते या मैदानावरच, आणि मोडलं ते दुकानापायी. दुकान वाढवायला लॉइडने राहतं घर गहाण ठेवलं आणि अर्डिथला ते बँकेतल्या बाईकडून कळलं. पुढे दुकान चाललं, गहाण सुटलं, लॉइड म्हणाला आता तरी राग सोड. अर्डिथ म्हणाली, "सुटलं ते चांगलंच झालं. विचारलं नाहीस त्याचं काय?"  आडनाव तिने तेच ठेवलं, कारण बसवरची पोरं नवं आडनाव शिकणार कधी. पण मैदान मात्र वाटून घेतलं. ज्यांना दोघांशीही गोडीत राहायचं होतं ते मधोमध, कॅचरच्या पाठीमागे बसायचे. मीही तिथेच बसायचो.

मग टीमचं दिवाळं वाजलं. बाहेरून आलेल्या मालकाने मैदानाच्या कडेला पोहण्याचा तलाव बांधला होता, मोठमोठे गाण्यांचे कार्यक्रम ठेवले होते. आमच्याकडच्या लोकांना खेळ बघायचा होता, तलावात डुंबायला आमची नदी होती. ऐन थंडीत बातमी आली की मालकाने हात वर केले आहेत आणि न्यायालय टीम विकणार आहे. टीम म्हणजे लीगमधली जागा, खेळाडूंचे करार, बॅटी, गणवेश आणि पोरांना हसवायला मैदानात नाचणाऱ्या बगळ्याचा तो पिसांचा पोशाख. ज्याची बोली वरचढ, त्याची टीम.

पहिली बोली आली ॲरिझोनाहून. ट्रास्क नावाच्या गृहस्थाची कंपनी होती, तिला टीम उचलून तिकडच्या एका नव्या मैदानावर न्यायची होती. दुसरी बोली लॉइडची. गाव सुटकेचा निःश्वास सोडणार, तेवढ्यात लॉइड सकाळच्या कॉफीला जमलेल्या मंडळींपुढे बोलून गेला की टीम मिळाली तर नाव बदलून 'वोंद्राचेक ट्रॅक्टर्स' ठेवीन. ही गोष्ट दुपारची बस सुटायच्या आत अर्डिथच्या कानावर गेली.

संध्याकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "ट्रॅक्टर्स. उद्या पोरांनी काय म्हणून ओरडायचं? गिअर बदला?"

मी म्हटलं, ॲरिझोनापेक्षा ट्रॅक्टर बरा. ती म्हणाली, टीम गावाची आहे, तर गावानेच घ्यावी. शंभर डॉलरचा एक हिस्सा. जो हिस्सा घेईल तो मालक, मग तो बँकेचा साहेब असो नाहीतर बँकेत झाडू मारणारा. आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पाकीट आणायला आत गेलो. अर्डिथच्या टीमचा पहिला मालक मी, हे मी आजही प्रत्येकाला ऐकवतो.

त्या थंडीत गावाला जो ऊत आला तो मी पुन्हा पाहिला नाही. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासांचा काळ, सुरू होता, दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असायचं. अर्डिथ दाराशी टेबल टाकून बसायची. कॅथलिक फादरने एक हिस्सा घेतला, हे कळताच लूथरन पाद्रीबुवांनी दोन घेतले. मग फादरना आणखी दोन घेणं भाग पडलं. म्हाताऱ्या बायका कोलाचे, म्हणजे खसखशीचं नाहीतर जर्दाळूचं सारण घातलेले गोड पाव, भाजून विकायच्या आणि पैसे जमवून तिघी-चौघींत एक हिस्सा घ्यायच्या. चौघींच्या मालकीचा हिस्सा, त्यात चेंडू टाकणारा पिचर कोणी निवडायचा यावरून त्यांची आतापासूनच भांडणं. बसवरच्या पोरांच्या आईबापांची तर सुटकाच नव्हती. बस दारात उभी राहिली की पोरगं चढायचं आणि बापाला पाकीट घेऊन बाहेर यावं लागायचं.

लॉइड चिडवायचा. त्याने दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'येथे पूर्ण ट्रॅक्टर मिळेल, शंभराचा हिस्सा मिळणार नाही.' अर्डिथने तिथून बस नेताना काच खाली करून सांगितलं, "लॉइड, तुझ्या तीन मेकॅनिकांनी माझ्याकडून हिस्से घेतलेत. एकाने तर तुझ्याकडूनच उचल घेऊन."

हे खरं होतं. 

अडचण वेगळीच होती. गावाने अर्डिथला एक वकील मिळवून दिली होती, कॉर्विन नावाची, शांत आणि तोलून बोलणारी. तिने हिशेब बघून सांगितलं की ॲरिझोनावाल्यापुढे अर्डिथची बोली टिकणार नाही आणि लॉइडचीही नाही. दोघांची मिळून टिकेल. पण आपापसात गुपचूप काही ठरवायचं नाही. लिलावात आतून संगनमत केलं तर न्यायालय दोघांनाही बाहेर काढेल. करायचं तर उघड, न्यायाधीशांना सांगून. अर्डिथ म्हणाली, त्याच्याशी उघडही नको आणि गुपचूपही नको. त्यांची मुलगी जनेल, जिला प्रत्येक सणाला दोन घरी दोनदा जेवावं लागायचं, ती म्हणाली की एकदा तरी बोला, नाहीतर दोघं आपापल्या बाजूला रिकाम्या मैदानाकडे बघत बसाल. दोघांनीही तिला सांगितलं की समोरचा ऐकणार नाही.

सुनावणीच्या दिवशी अर्डिथने शाळेकडून सुट्टी घेतली आणि आम्हा तीसेक मालकांना बसमध्ये घालून स्वतः चालवत शहरात नेलं. बसचं भाडं तिने रीतसर भरलं होतं. न्यायाधीश हॅस्किन्स म्हातारे, जाड चष्म्याचे. त्यांनी आमच्या डोक्यांवरच्या, बगळ्यांच्या निळ्या टोप्यांकडे बघितलं आणि टोप्या काढायला सांगितल्या. पोलिसाला खिडकी उघडायलाही सांगितलं, कारण कोणीतरी डब्यात सॉसेज आणले होते.

बोली सुरू झाली. ट्रास्क पांढऱ्या केसांचा, नम्र माणूस. वर जाताना फक्त बोट उचलायचा. अर्डिथ प्रत्येक वेळी आमच्याकडे वळून बघायची, आम्ही माना हलवायचो. लॉइड समोर बघत आकडा सांगायचा. थोड्याच वेळात आमची पुंजी संपली. अर्डिथ उभी राहिली, तोंड उघडलं, आणि काही न बोलता खाली बसली. तिचा आवाज बंद झालेला मी तेव्हाच पाहिला. आमच्यापैकी एका म्हातारीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मग लॉइड आणि ट्रास्क दोघंच उरले. एक बोली, दुसरी बोली. लॉइडचा चेहरा लाल होत चालला. तो वकिलाच्या कानाशी लागला, वकिलाने नकारार्थी मान हलवली. ट्रास्कने पुन्हा बोट उचललं.  न्यायाधीशांनी विचारलं, मिस्टर वोंद्राचेक, पुढे?

आणि अर्डिथ उभी राहिली.

"महाराज, मला मिस्टर वोंद्राचेकशी बोलायचंय. इथेच, सगळ्यांसमोर."

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "आडनाव एकच आहे. आपलं नातं काय?"

"नवरा होता."

मागे कोणीतरी हसलं. ट्रास्कचा वकील ताडकन उठला, हरकत घेऊ लागला. मिस कॉर्विनही उठली आणि म्हणाली की दोन्ही पक्षांना एकत्र बोली लावायची असेल तर ती सर्वांच्या कानांवर ठरेल, त्यात लपवाछपवी कसली. लिलावाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांनाही ते मान्य होतं, बोली वाढली तर मालकाकडे ज्यांचे पैसे अडकले होते त्यांचंच भलं. न्यायाधीशांनी थोडा विचार केला आणि अर्डिथला विचारलं, किती वेळ लागेल.

ती म्हणाली, "भांडायला लागलो तर संध्याकाळ. बोलायला पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटं देतो," न्यायाधीश म्हणाले. "भांडण माझ्या न्यायालयात नको."

ते दोघं मधल्या लाकडी कठड्यापाशी समोरासमोर उभे राहिले. बरीच वर्षं मैदानाच्या दोन टोकांना बसलेली माणसं, आता मध्ये फक्त वीतभर लाकूड. काय बोलले ते सगळ्यांनी ऐकलं, कारण अर्डिथला हळू बोलता येतच नाही.

"नाव बगळेच राहणार," ती म्हणाली.

लॉइड म्हणाला, बरं. पण मैदानावर दुकानाची पाटी लागेल.

"लाव. डावीकडे, जिथे चेंडू आदळतात तिथे."

"बरं."

"हिस्सेवाल्यांची मतं तुझ्याइतकीच मोजायची."

यावर लॉइडने दाढी खाजवली. मग आमच्या रांगांकडे बघितलं. त्यात त्याचे तिन्ही मेकॅनिक होते, ते छताकडे बघायला लागले. शेवटी म्हणाला, निम्मी मतं त्यांची, निम्मी माझी. आणि अडलं तर?

"अडलं तर विचारायचं," अर्डिथ म्हणाली. "एवढंच मला हवंय, लॉइड. माझ्या पाठीमागे कुठेही सही करायची नाही. आधी विचारायचं."

 लॉइडने हातातली टोपी दोनदा उलटसुलट केली. मग म्हणाला, "तेव्हा विचारायला हवं होतं, अर्डिथ. मला ठाऊक होतं तू नको म्हणशील, म्हणून नाही विचारलं."

"मी हो म्हणाले असते, वेड्या," ती म्हणाली.

 हरकत घ्यायला उठलेला ट्रास्कचा वकील अजून उभाच होता, तो खाली बसला.

एकत्र बोली लागली. ट्रास्कने बोट उचललं, लॉइडने अर्डिथकडे बघितलं, तिने मान हलवली, त्याने आकडा वाढवला. पुन्हा बोट, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी तो विचारायचा आणि ती मान हलवायची. त्यानंतर ट्रास्कने हात मांडीवर ठेवला आणि उचलला नाही. जाताना तो अर्डिथपाशी थांबून म्हणाला, बाई, मी टीम विकत घ्यायला आलो होतो, गाव विकत घ्यायला पुरेल एवढे पैसे आणले नव्हते. अर्डिथने त्याला कोलाचेचा डबा दिला आणि वाटेत खा म्हणाली.

परतीच्या बसमध्ये आम्ही इतकं गायलो की मक्याच्या रिकाम्या शेतांतले कावळे उडाले. लॉइडची गाडी मागून येत होती. एका वळणावर तो हॉर्न वाजवायला लागला तो थेट गावापर्यंत.

पहिल्या सामन्याला मैदान खचाखच भरलं. आम्ही सडकून हरलो. कोणाला त्याचं काही वाटलं नाही, मालकच एवढे होते की एकमेकांना सावरायला माणसं पुष्कळ. फक्त अर्डिथ हिरमुसली, कारण लीगने सांगितलं की मालकांनी अंपायरवर ओरडायचं नाही. पहिल्या तीन डावांत ती ओठ मिटून बसली. चौथ्यात अंपायरच तिच्याजवळ आला आणि म्हणाला, बाई, बरं वाटत नाही का? तिने दंड भरला आणि ओरडली. नंतर मालकांच्या बैठकीत ठराव झाला की तिचा दंड टीम भरेल. लॉइडने विरोधात मत दिलं आणि आपल्या खिशातून पैसे भरले.

त्या उन्हाळ्यात अर्डिथच्या घरी विल्मर नावाचा कॅचर राहायला आला, डोमिनिकन देशातला, एकवीस-बावीस वर्षांचा उमदा मुलगा. त्याला आमच्या गावाचे हेवेदावे माहीत नव्हते. सरावाच्या वेळी लॉइडने त्याचं कौतुक केलं, तर त्याने लॉइडला रविवारी जेवायला बोलावलं, अर्डिथच्याच घरी. भात, काळा घेवडा आणि कोंबडी तो स्वतः रांधणार होता.

रविवारी मी कुंपणापाशी गवत कापत होतो. लॉइड इस्त्रीचा शर्ट घालून, हातात बेकरीतला पाई, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन दारात आला. दार अर्डिथने उघडलं. तिने आधी त्याच्याकडे, मग पाईकडे बघितलं.

"कशाचा?" तिने विचारलं.

"चेरीचा. तुला रुबार्बचा हवा होता का? विचारायला हवं होतं," लॉइड म्हणाला.

"आत ये," ती म्हणाली. "त्या पोराने माझी सगळी भांडी काढलीयेत. घासायला कोणीतरी हवंच होतं."

मी यंत्र बंद केलं. स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून लसणाचा वास आला आणि पाठोपाठ विल्मरचं हसू. मग अर्डिथचा आवाज आला, की बाजूच्या घरातला तो माणूस गवत कापायचं सोडून कान देऊन उभा आहे, त्यालाही एक ताट वाढ.