लाभाची मोटर

एक तपास माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पोरांनो, तुम्ही दोघं तिकडे मोबाइलवर बोट टेकवता आणि खोकं दारात येतं, म्हणून तो तुमच्यासाठी लिहून ठेवते. नावं कुणाचीच देणार नाही. बाकी सगळं घडलं तसं.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मावळातल्या एका ठाण्याची मी प्रभारी निरीक्षक होते. कार्ले फाट्याजवळ पुण्याच्या एका तरुणाचं गोदाम होतं. शाळकरी मुलांसाठीचे विज्ञानाचे संच तो ऑनलाइन विकायचा. एका खोक्यात एक छोटी मोटर, पंख्याचं पातं, वायर, दिवा आणि सेलची डबी. एक संच विकला गेला की संगणक त्यातला प्रत्येक भाग साठ्यातून आपोआप वजा करी. वायर, पाती वगैरे उघड्या रॅकवर असत. मोटरी महाग, म्हणून त्या माडीवर कुलपात. ते कुलूप सांभाळायच्या कुरवंडे गावच्या एक मावशी. पन्नाशी उलटलेल्या, घरची भातशेती करून कामाला येणाऱ्या. खाली पॅकिंगला पन्नास मोटरींचा ट्रे द्यायचा आणि वहीत पन्नास लिहायचे, एवढं त्यांचं काम.

सलग तीन महिने मोजणीत मोटरी कमी भरल्या. मालक छापील तक्ता घेऊन ठाण्यात आला. संगणकाला चोरी करता येत नाही, मॅडम, असं म्हणाला. तक्ता इंग्रजीत होता, नीटनेटका होता आणि मला तो आवडला. त्याच आठवड्यात आमच्या हवालदाराला गोदामासमोरच्या चहावाल्याने खबर दिली, की मावशी रोज संध्याकाळी फुगलेली पिशवी घेऊन जातात. कुलूप त्यांच्या ताब्यात, पिशवी त्यांच्या हातात. मी नोकराने केलेल्या चोरीचा गुन्हा नोंदवला.

दोन पंच आणि महिला अंमलदार बरोबर घेऊन मी स्वतः झडतीला गेले. सकाळची दहाची वेळ. जीप थांबली तशी सगळी आळी अंगणाभोवती उभी राहिली. आम्ही भाताची कणगी उपसली, पेट्या उघडल्या, अंथरुणं झटकली. पिशवीत गोदामातले फाटके पुठ्ठे होते, चूल पेटवायला आणलेले. मोटर एकही नाही. पंचनाम्यात ‘काही मिळून आले नाही’ असं लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या. पण पंचनामा गावाने वाचला नाही. गावाने जीप पाहिली.

कुरवंड्यात लग्नकार्याची सामायिक भांडी देवळामागच्या खोलीत असतात. पातेली, पराती, समया. ती मोजून देणं आणि मोजून परत घेणं हा मावशींच्या घरातल्या सुनेचा मान, त्यांना सासूकडून आलेला. झडतीच्या संध्याकाळीच गावातले दोघे आले आणि मावशींकडून खोलीची किल्ली मागून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मावशींना नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. हवालदाराने हात उगारला नाही, तशी त्याची पद्धतही नव्हती. तो फक्त एकच प्रश्न विचारत राहिला: मोटरी कुठे नेल्या? मावशी चोरीविषयी फारसं बोलतच नव्हत्या. मला म्हणाल्या, “बाई, कामाचं जाऊ द्या. भांड्यांची किल्ली तेवढी माघारी मिळंल असं करा.”

मी म्हटलं, आधी खरं सांगा.

चार तासांनी त्या खाली बघून म्हणाल्या, “बरं, नेल्या म्हना दोन-चार. आता घरी जाऊ द्या. गायीची धार काढायचीय.”

हवालदार खूश झाला. मला मात्र ते टोचलं. कमी भरलेल्या मोटरी दोन-चार नव्हत्या, पुष्कळ होत्या. चोर कबूल करताना आकडा कमी सांगतो, पण माल कुठे विकला याचं काहीतरी उत्तर त्याच्याकडे असतं. यांना एका दुकानाचं नाव सांगता येईना.

म्हणून मी त्यांना गोदामात नेलं आणि म्हटलं, रोज देता तसा एक ट्रे मला द्या.

त्यांनी पहिली मोटर उचलून डावीकडे ठेवली. मग एक, दोन करत पन्नास मोजल्या. शेवटी ती बाजूची मोटर उचलून ट्रेमध्ये वर ठेवली आणि वहीत पन्नास लिहिलं.

“ही कोणती?” मी विचारलं.

“ती लाभाची,” त्या म्हणाल्या. मला एवढंही कळू नये याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं. “खळ्यावर पयलं माप लाभाचं. त्याला आमच्यात गिन्ती न्हाई.”

मी खाली पॅकिंगच्या बायकांना विचारलं, एक्कावन्नावी मोटर उरते, तिचं काय करता? एक तरतरीत बाई म्हणाली, “शेवटच्या खोक्यात टाकतो. माघारी द्यायची तर चिठ्ठी लागती, चिठ्ठीवर सायबाची सही. आन सायेब दुपारी कुटं घावतोय?” बाकीच्या पदराआड हसल्या.

मालकाला गिऱ्हाइकांचे संदेश काढायला लावले. खोक्यात दोन मोटरी आल्याचं पाच-सहा जणांनी कळवलं होतं. तक्रार नाही म्हणून ते कुणी पुढे वाचलेच नव्हते.

आम्ही ‘क’ समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला गुन्हा. न्यायालयाने ती मंजूर केली. मालकाने ट्रेसाठी वजनकाटा आणला आणि मावशींच्या जागी दुसरी बाई ठेवली. म्हणाला, मनात काही नाही मॅडम, पण स्टाफला अवघडल्यासारखं होतं.

प्रश्न विचारण्यात माझं आयुष्य गेलं. मोटरी कुठे नेल्या, हे आम्ही त्यांना शंभरदा विचारलं. तुम्ही मोजता कशा, हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. तक्ता मला वाचता येत होता, म्हणून तो मला खरा वाटला.

न्यायालयाच्या आदेशाची प्रत द्यायला मी कुरवंड्याला गेले. मावशींनी तो कागद उलटसुलट पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

“मला एकटीला काय करायचाय ह्यो? झडतीला गाव गोळा झालतं. तसंच गोळा करा आन तुमी वाचून दावा. तुमच्या तोंडून ऐकलं तर किल्ली देतील.”

मी म्हणाले, नियमात तशी तरतूद नाही.

त्यांनी मान डोलावली आणि चहा ठेवायला आत गेल्या. तरतूद नव्हती हे खरं. मनाईही नव्हती. अंगण तेच होतं, जीप दारात होती, माणसं हाकेच्या अंतरावर होती आणि वाचायला दोन मिनिटं लागली असती. गणवेशात उभं राहून, आमची चूक झाली, असं मला त्या लोकांसमोर म्हणायचं नव्हतं. मी चहा घेतला, प्रत घडी घालून त्यांच्या भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि निघून आले. किल्ली त्यांना परत मिळाली नाही.