वरून पाहिलेली शाळा

आमच्या शाळेचा इतिहास दारावरच्या फलकावर चार ओळींत मावतो. मिशनच्या फादरांनी आमगावकडच्या या धानाच्या मुलखात शाळा काढली, सिस्टर आल्या, पाचवी ते दहावीचे वर्ग भरले आणि हळूहळू आसपासच्या गावांतल्या मुली सायकलींवरून येऊ लागल्या. सगळं खरं आहे. मी याच शाळेत शिकले, आता इथेच शिकवते. पण त्या चार ओळींत कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, नाहीत, आणि हे काही मला पटत नाही.

जुन्या इमारतीवर देशी कवेलू होते. माकडं वर्षभर त्यांच्यावर धुडगूस घालत. म्हणून शाळा उघडण्याआधी ते फेरावे लागत, म्हणजे सगळे काढायचे, फुटके बाजूला टाकायचे आणि पुन्हा रचायचे. हे काम पालकांचं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण छपरावर पोवार, गोंड, आमच्यासारखे बौद्ध सगळे एका रांगेत उकिडवे बसत, आणि सिस्टर खालून चहाची किटली पाठवत.

माझे बाबा उत्तरेची बाजू फेरायचे. शाळेशी त्यांची ओळख तेवढीच. निकालाला, पालकसभेला आई जायची. “आत या न, बाबा,” म्हटलं की उत्तर ठरलेलं, “मातीचे पाय घेऊन कायले येऊ? मी वरतूनच पायतो.”

आणि ते खरंच पाहायचे. मी आठवीत असताना भर वर्गात छप्पर गळायला लागलं. बाबांना बोलावणं गेलं, ते वर चढले. नेमका तेव्हाच बाईंनी मला प्रश्न विचारला आणि माझी दातखीळ बसली. डोक्यावरचा एक कवेलू सरकला. “सांग न वं! राती त बडबडून राहिली होती!” वर्ग हसून लोळला, बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या. घरी जाऊन मी बाबांशी अबोला धरला. आता ते आठवलं की त्या माणसावरून जीव ओवाळून टाकावासा वाटतो.

यंदा शेजारी स्लॅबची इमारत उभी राहिली आणि उन्हाळ्यात जुनी पाडायचं ठरलं. मला एकच घोर लागला. ज्या वर्गात मी घडले तिथे माझा बाप एकदाही बसला नव्हता, आणि आता तो वर्गच राहणार नव्हता. मी रोज त्यांच्या मागे लागले. बाबांना चिंता वेगळीच. “मशीन लावून कवेलू फोडतेत का? आमीच उतरवून देतो,” म्हणाले आणि जुने पालक गोळा करून आणले. गोंदियाचा ठेकेदार “काका, टाइम नहीं है” म्हणत राहिला. सिस्टरांनी त्याला चहा देऊन गप्प बसवलं.

दुपारपर्यंत छप्पर मोकळं झालं. वाशांमधून ऊन थेट जुन्या बाकांवर पडलं. बाबा वर थकून बसले होते. मी बाहेरची शिडी उचलली आणि वर्गाच्या आतून लावली.

“इकडूनच उतरा.”

त्यांनी माझा डाव ओळखला. तरी उतरले. खाली आल्यावर एकेक पाय दुपट्ट्याने नीट पुसला.

“तू कोठी बसत होती?”

मी बाक दाखवला. ते बसले, पाठ ताठ, दोन्ही हात समोर. मी फळ्याकडे तोंड फिरवलं.

“विचार मले काही,” मागून आवाज आला.

“ही शाळा कोणी बांधली?”

“मिशननं,” बाबा म्हणाले. मग वर उघड्या वाशांकडे पाहिलं. “आमी गळू नाही देल्ली.”

“आठवीत गळली होती, बाबा.”

“मंग? आलो होतो न मी.”