अक्काची मूठ

अक्कानं मला थोबाडीत दिली ती एकदाच, माझ्या नोकरीच्या अकराव्या दिवशी. चांगली सणसणीत. कानात शिट्टी वाजली आणि हातातला ट्रे खाली पडला. मी तिशी ओलांडलेला बाप्या, दोन पोरींचा बाप, आणि ही माझ्यापेक्षा वीतभर बुटकी बाई सगळ्या खात्यादेखत माझं थोबाड रंगवते! पण मी नुसता गाल चोळला. समोर टेबलावर पिंजरा होता आणि त्यात काय होतं ते मलाही दिसत होतं.

आमचं काम उंदीर सांभाळायचं. संशोधन संस्थेचं तळघर, साडेतीनशे पिंजरे. अक्का उंदरांचं बघायची, मी पिंजरे धुवायच्या मशीनवर. आदल्या दिवशी ती रजेवर होती म्हणून पिंजरे बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला घाण खपत नाही, हे आधीच सांगतो. खालचा भुसा, उंदरांनी कागद कुरतडून केलेली घरटी, सगळं कचऱ्यात ओतलं. नवा पिंजरा, नवा भुसा, नवा कागद, शेपटीला धरून उंदीर आत. चकाचक! सकाळी येऊन बघतो तर सात पिंजऱ्यांत रक्त. एका आईच्या पोटचे नर, जन्मापासून एकत्र वाढलेले, त्यांनी एकमेकांच्या शेपट्या कुरतडल्या होत्या, पाठी सोलल्या होत्या. एका पिंजऱ्यात चारांपैकी एकच जिवंत होता आणि तो मेलेल्या भावाची मान अजून चावत होता.

"भुसा फेकायचा," अक्का दात ओठ खात म्हणाली. "तो मुतलेला असतो, त्याच्यावरून मारामाऱ्या होतात. घरटं ठेवायचं. निदान मूठभर. त्याला त्यांचा झोपेचा वास असतो. तो गेला की भाऊ भावाला ओळखत नाही. शिरलं का डोक्यात, चकाचक?"

तेव्हापासून माझं नाव चकाचक. बारा वर्षं झाली.

त्या दिवशी जखमी झालेले नऊ तिनं स्वतः मारले. मानेवर पेन्सिल आडवी दाबायची आणि शेपूट एका झटक्यात ओढायची. टक्, संपलं. मी बाहेर जाऊन ओकून आलो. ती प्रत्येकाला म्हणत होती, "चल बाबा, सुटलास." नंतर कळलं की जास्तीची पैदासही तिलाच मारावी लागते, कधी आठवड्याला शंभर. तिच्या हातून दुसऱ्यांदा ओढायची वेळ मी कधी पाहिली नाही.

वरच्या मजल्यावर मॅडम. त्यांचा अभ्यास ऑटिझमचा. उंदराच्या एका जनुकात फेरफार करायचा आणि तो कसा वागतो ते बघायचं. तीन खोल्यांची काचेची पेटी असते. एका बाजूला जाळीच्या टोपलीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला नुसतीच रिकामी टोपली. साधा उंदीर धावत दुसऱ्या उंदराकडे जातो. मॅडमचे काही उंदीर रिकाम्या टोपलीपाशी जाऊन बसत. काही जण स्वतःचं अंग इतकं चाटत, खाजवत, की मानेची कातडी निघून लाल मांस दिसायचं. मॅडम घड्याळ लावून मोजत बसायच्या.

अक्का ते बघायची आणि म्हणायची, "माझा दादू."

दादू म्हणजे तिचा मुलगा, चोवीस वर्षांचा. सहा फूट उंच, दरवाजाएवढा रुंद, बोलायला चार शब्द. नवरा कधीच पळून गेला होता, त्यामुळे घरात ही दोघंच. दादूचं बिनसलं की तो भिंतीवर डोकं आपटायचा, नाहीतर अक्काच्या हाताला चावायचा. तिच्या हातावरचे व्रण कुठले उंदराचे आणि कुठले दादूचे, हे आम्ही चहा पिताना ओळखत बसायचो. ती हसायची. "उंदराचे छोटे रे, वेड्या."

एकदा तिनं मॅडमना विचारलंच, ह्यातून माझ्या पोराला औषध कधी निघेल. मॅडम बाई खरी. म्हणाल्या, "मी उंदराबद्दल सांगू शकते, तुमच्या मुलाबद्दल नाही. उंदराला ऑटिझम होत नाही. त्याच्यासारखं थोडंसं वागणं दिसतं, एवढंच." अक्का खाली आली आणि त्या दिवशी तिनं पिंजऱ्यांची झाकणं जरा जास्तच आपटली.

गेल्या वर्षी अक्का राहायची ती चाळ पाडायची ठरली. दुसरीकडे खोली मिळाली, एका घरमालकाच्या तळमजल्यावर. सामान हलवायच्या दिवशी अक्का दादूला फिरवायला घेऊन गेली, कारण टेम्पोचा आवाज त्याला सोसला नसता. मला म्हणाली, "सगळं आण रे. तुझ्या भरवशावर सोडतेय."

आणि मी काय केलं? दादूची गादी. वीस वर्षांची, मधोमध खड्डा, लघवीचे डाग, एक कोपरा फाटलेला. त्या कोपऱ्यातून कापूस ओढून तो दिवसभर बोटांत चोळत बसायचा. असला वास की टेम्पोवाल्यानं नाक दाबलं. मी म्हटलं, नवीन घर आहे, नवीन गादी माझ्याकडून. पदरचे पैसे घालून आणली. चादरीसकट नवी. जुनी गादी, तिच्यावरची गोधडी, उशी, सगळं कचऱ्याच्या गाडीत. वर खुशीत शीळ घालत होतो मी. कुठल्या तोंडानं सांगू!

अक्का दमून आली, नवी गादी बघितली आणि तिचे डोळे भरले. "कशाला रे खर्च केलास," एवढंच म्हणाली. अकरा वर्षं तिला पिंजऱ्यात घरट्याची मूठ टाकताना मी बघत होतो, पण त्या क्षणी आम्हा दोघांनाही काही आठवलं नाही.

दादूनं ती गादी तासाभरात फाडली. मग डोकं. भिंत, दरवाजा, पलंगाची लोखंडी पट्टी. अक्का मध्ये पडली तर तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली, चावून नव्हे, पिरगाळून. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः त्याला लाकडी पट्टीनं मारलं, पट्टी मोडेपर्यंत. हे तिनंच मला सांगितलं, खाली मान घालून. "आईनं मारलं रे. आपल्या हातानं मारलं." चौथ्या दिवशी घरमालक ओरडत आत आला, दादूनं त्याला उचलून जिन्यावर फेकला, मग गल्लीतले पाच जण काठ्या घेऊन आले. पाच जणांनी मिळून एका पोराला मारलं. त्याच्या अंगावर काठी पडताना तो हात वर करत नव्हता, डोकंच आपटत होता. शेवटी पोलीस आले आणि त्याला शहराबाहेरच्या मनोरुग्णालयात नेलं.

तिथला डॉक्टर म्हणाला, हातपाय बांधलेत, तरी खाटेच्या दांड्यावर डोकं आपटतोय. जेवत नाही. असंच चाललं तर डोळ्यांचे पडदे सुटून दिसायचं बंद होईल, आणि मग बांधूनच ठेवावं लागेल, कायमचं. औषधाला दाद देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्का कामावर आली. रजा शिल्लक नव्हती. प्लास्टरचा हात गळ्यात, डाव्या हातानं पिंजरे बदलत होती. जुन्या पिंजऱ्यातलं घरटं उचललं, नव्यात ठेवायला गेली आणि मूठ तशीच हवेत राहिली.

"चकाचक," ती म्हणाली, "गादी कुठे आहे?"

मी हातातला पिंजरा खाली ठेवला. "फेकली."

"गोधडी?"

"सगळं फेकलं, अक्का."

मी गाल पुढे करूनच उभा होतो. तिनं मारलं नाही. पिंजऱ्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "दादू कापूस चाळीच्या भिंतीत कोंबायचा. मोरीच्या पाइपामागे भोक आहे, त्यात."

मी ॲप्रन तिथंच टाकला आणि पळालो. चाळीवर पाडायचं यंत्र लागलेलं. पुढची भिंत पडली होती, तिची खोली उघडी, वरचा स्लॅब लोंबकळत होता. पहारेकऱ्यानं मला कॉलरला धरलं, मी त्याला ढकलून दिला, तो विटांवर पडला. आत शिरलो. पाइपामागे हात घातला तर पत्र्यानं मनगट फाडलं. कापूस होता! काळा, ओलसर, आंबट वासाचा, वर्षानुवर्षं ठासलेला. मूठभर निघाला. मी तो माझ्या रक्तापासून जपत छातीशी धरला आणि बाहेर आलो तर यंत्रवाला आईमाईवरून शिव्या घालत होता. घाल बाबा.

रुग्णालयाच्या फाटकाशी अक्का येऊन थांबली होती. आम्ही आत निघालो तर रखवालदारानं हात आडवा घातला. "मुठीत काय आहे?"

"कापूस आहे. तिच्या पोराचा."

त्यानं वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "असली घाण आत चालत नाही. आत सगळं स्वच्छ असतं." आणि बोलता बोलता अर्धा कापूस माझ्या हातातून काढून त्यानं फिनेलच्या बादलीत टाकला.

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या अशी कानाखाली काढली की त्याची टोपी फाटकाबाहेर गेली. खरं सांगतो, तो माणूस त्याचं काम करत होता. मी जे करत आलो तेच करत होता. म्हणूनच मारला. त्याचे दोन सोबती धावून आले. एकानं माझे हात धरले, दुसऱ्यानं तोंडावर बुक्क्या घातल्या. पुढचे दोन दात तिथंच पडले. खाली कोसळताना मी उरलेला कापूस अक्काकडे फेकला आणि ओरडलो, "पळ!" आणि पन्नाशीची बाई, एक हात गळ्यात बांधलेली, अशी पळाली की तिच्यामागे कोणी गेलंच नाही. सगळे मला मारण्यात गुंतले होते.

ती दोन तासांनी बाहेर आली. मी फाटकासमोरच्या दगडावर रुमाल तोंडाला लावून बसलो होतो. तिची मूठ उघडी होती, रिकामी.

"नाकाशी धरला," ती म्हणाली. "मग बोटांत चोळला. झोपला."

"आणि डोळे?"

"उजवा आहे. डावा गेला. कालच गेला म्हणतात."

काल. कालपर्यंत मला एकदाही सुचलं नव्हतं. मी तिच्या पायाशी बसलो आणि रडायला लागलो, फुटलेल्या तोंडानं. "मार मला अक्का. त्या दिवशी मारलीस ना सात पिंजऱ्यांसाठी, आज मार."

"तुला मारून त्याला दिसणार आहे का?" ती म्हणाली. "आणि मी तरी काय केलं? नवी गादी बघून खूश झाले होते मी. ऊठ."

दादू महिन्याभरानं घरी आला. घरमालकानं खोली खाली करून घेतली होती, म्हणून अक्कासकट माझ्याच घरी आला. माझी धाकटी पोर त्याच्या डाव्या बाजूनं कधी जात नाही, तो दचकतो म्हणून. कापूस उशीच्या खोळीत शिवला आहे. ती खोळ धुवायची नाही असा माझ्या बायकोला मी दम दिला आहे. तिला त्याचं हसू येतं.

अक्काची मोडलेली बोटं नीट जुळली नाहीत. आता कामावर तिच्यानं शेपूट ओढवत नाही, ते मी करतो. पहिल्या आठवड्यात मला एक उंदीर दोनदा ओढावा लागला. अक्का बघत होती. तिनं पुढचा पिंजरा माझ्याकडे सरकवला आणि त्यातलं घरटं काढून आधी माझ्या मुठीत ठेवलं.