वाघ नदीची सेफ्टी इन्चार्ज

पूर ओसरल्यावर नदीतल्या एखाद्या दगडाला काडीकचरा अडकत जातो ना, तसे आमच्या ग्रुपमध्ये किस्से साचतात. सहल एकही झालेली नाही, ढीग मात्र हा एवढा!

ग्रुप म्हणजे माझा नवरा प्रवीण आणि त्याचे चार मित्र. या पाच जणांना सालेकसाकडच्या खडकाळ टप्प्यात, वाघ नदीच्या उसळत्या पाण्यातून हवेच्या बोटी वल्हवायच्या आहेत. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ही नदी तासाभरात रूप बदलते. म्हणून एक सेफ्टी इन्चार्ज हवा. लेकीच्या स्कूलबसला तीन मिनिटं उशीर झाला तरी ड्रायव्हरला फोन करणारी बाई घरातच होती! जायचं की नाही, हा शेवटचा शब्द माझा.

आधीच्या दोन सहली 'वहिनी घाबरतात' म्हणून रद्द झाल्या होत्या. मी तेव्हा खरंच काही बोलले होते का, आठवत नाही. बोललेही असेन, माझा काय भरवसा! पण या वेळी माझ्यामुळे राहिलं, असं होऊ द्यायचं नव्हतं. आणि चुकून 'हो' म्हटलं नि पाणी वाढलं, तर पाच घरच्या लेकरांना काय सांगू, हेही होतंच.

*

पहिली मीटिंग आमच्याकडे. लीडर भुमेशभाऊ कॉलेजात भूगोल शिकवतात. त्यांनी नकाशा पसरला. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या.

"कुठी जाऊन राहिले?"

"बोटीत बसून आठ किलोमीटर खाली, काकू."

"तिथी काय हाय?"

"काही नाही. तिथून टेम्पोनं परत."

सासूबाईंनी नकाशा नीट पाहिला. "मंग टेम्पोनंच काऊन नाही जात? सडक तं हाय!"

भूगोलाच्या प्राध्यापकांनी चहा घेतला.

*

पाण्याचा अंदाज घ्यायला नदीकाठी मासे धरणारे नामदेवकाका मिळाले. रोज सकाळी फोन करायचा.

"आज म्हशीच्या पोटाले लागून राहिलं पानी."

दुसऱ्या दिवशी, "पाठीवर गेलं."

भुमेशभाऊंनी म्हशीच्या उंचीवरून एक्सेलमध्ये ग्राफ काढला. रंगीत! पाचव्या दिवशी काका म्हणाले, "आज म्हशीचं निस्तं तोंड दिसते." ग्राफ सरळ आभाळात. भुमेशभाऊंनी घाबरून परत फोन लावला, "काका, पूर आला का?"

"पूर कायचा? म्हैस बसली हाय!"

*

सराव आमच्या इकडच्या गोरेगावजवळच्या तलावात. कापड दुकानवाले मनोजभाई हेल्मेटवर कॅमेरा लावून आले. "भाभी, बोट पलटी तो डरना नहीं. देखो, ऐसे!"

बोट उलटली. मनोजभाई बऱ्याच वेळाने वर आले, तेही गळ्यात शिंगाड्याचा वेल घेऊन. तलाव अर्धा शिंगाड्याचाच होता! तोडणीला आलेली बाई काठावरून ओरडली, "तोडलेच हाय तं टोपलीत टाका नं, भाऊ!"

त्या दिवशी मी न पडता तलावाच्या दोन चकरा मारल्या. पाहिलं कोणीच नाही. सगळे मनोजभाईंचे काटे काढत होते.

*

शेवटी तो रविवार आला. वरून पाणी सुटणार नाही, हे मी धरणावर दोनदा फोन करून विचारलं होतं. नदी नितळ, तळचे गोटे दिसत होते. नामदेवकाका म्हणाले, "असं पानी मंग भेटत नाही." मी त्यांना तेही दोनदा विचारलं. बोटी फुगवून तयार.

आणि माझा फोन वाजला. मनोजभाईंचा मेसेज : "भाभी, आप मना कर दो ना. मेरा नाम मत लेना." मी मान वर केली, तर साहेब दगडावर वॉर्मअप करत होते!

मग दुसऱ्याचा. "वहिनी, कंबर धरली आहे. कोणाला सांगू नका." तिसऱ्याची तर बायकोच रडत होती म्हणे. चौथा भुमेशभाऊंचा : "वहिनी, आपण पाण्याविषयी शंका व्यक्त करावी. कारण मी देईन."

प्रवीण माझ्यापासून दोन हातांवर पाठमोरा उभा होता. खाली मान घालून. पाचवा मेसेज आला.

"नेहमीसारखं म्हण ना."

"मग सेफ्टी इन्चार्ज, काय निर्णय?" भुमेशभाऊंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

मी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि बोटीत जाऊन बसले.

"पाणी झकास आहे. माझ्यासोबत कोण येतंय?"

पाच जण पाच दिशांना पाहू लागले. नामदेवकाकांनी चपला काढून दगडावर ठेवल्या आणि वल्हं उचललं.

"सरक, बाई. या पाच जनायले राहू दे. चपला राखतीन."