मुरादच्या घरचा गालिचा

फुलपाड्याच्या आमच्या गॅलरीत आज गालिचा उन्हात टाकला आणि मेंढीच्या लोकरीचा तोच वास आला.

पंचवीस वर्षांपूर्वी मस्कतला सोबत काम करणाऱ्या बलुची मुरादने मला जेवायला घरी नेलं. वाटेत हसून म्हणाला, "भाई, घर में किसी चीज की तारीफ मत करना, अम्मा दे देगी."

हा गालिचा त्याच्या अम्मांनी लेकीच्या लग्नासाठी दोन हिवाळे खपून विणला होता. मी ठरवून त्याची तारीफ केली. अम्मांनी लगेच तो गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. लेक उठून आत गेली. मी नको म्हणालो नाही. आता आठवताना माझ्या आत काहीच हलत नाही, फक्त तिची पाठ दिसते.

"बाबा, हा मी सासरी नेणार हं," आत्ता माझी मुलगी म्हणाली. मी होकारार्थी मान डोलावली.